खिडकीखालचा हुक

१

सकाळी आठला ऑरिन गॉयेट जुन्या हॉलचं मागचं दार उघडायचा, बुटांचा बर्फ पायरीवर झटकायचा आणि आत पाऊल टाकताना म्हणायचा, "आलो रे बाबा." कोणाला म्हणायचा, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. सोळाव्या वर्षापासून तो याच दाराने कामावर येत होता. तेव्हा आत स्वयंपाकघरातल्या बायका असायच्या, भांड्यांचा खणखणाट असायचा, कोणीतरी "ये, दार लाव, थंडी शिरते" म्हणून ओरडायचं. ऑर्डवे कॉलेज बंद पडून आता नऊ महिने झाले होते. ओरडायला कोणी उरलं नव्हतं. जिभेची सवय तेवढी राहिली होती.

काम सोपं होतं. नळांचं पाणी ऑक्टोबरातच तोडलं होतं, पाइपांत हवा मारून ते कोरडे केले होते. नाहीतर व्हरमाँटच्या हिवाळ्यात ते फुटले असते आणि भिंतींची चाळण झाली असती. पण प्रत्येक सिंकखाली एक वाकडा पाइप असतो. तो कोरडा पडला की गटाराचा वास घरात येतो. म्हणून त्यात न गोठणारं गुलाबी औषध ओतून ठेवायचं आणि कमी झालं की पुन्हा भरायचं. बॉयलर सांभाळणारा म्हातारा मर्ल त्याला सरबत म्हणायचा. "एकशेचौदा पाहुणे आहेत इमारतीत," तो म्हणायचा. "एकेकाला घोटभर पाजून ये."

ऑरिन एका हातात कॅन, दुसऱ्या हातात टॉर्च घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायचा. सिंकच्या भोकात टॉर्च मारायचा. तळाशी गुलाबी चकाकलं की पुढे.

त्या सोमवारी जेवणघरातल्या कोपऱ्यातल्या सिंकमध्ये त्याने टॉर्च मारला. तळाशी चकाकलं, पण गुलाबी नाही. स्वच्छ पाणी होतं.

त्याने नळ फिरवून पाहिला. नळ सुकलेला, आतून हवासुद्धा आली नाही. खोलीत त्याचा श्वास पांढरा होऊन तोंडासमोर तरंगत होता, खिडकीच्या काचांना आतून बर्फाचा थर होता. पाणी असलंच तर त्याचा बर्फ व्हायला हवा होता. त्याने हातमोजा काढला आणि तारेला चिंधी बांधून भोकात सोडली. वर काढून चिंधी बोटांत दाबली.

पाणी कोमट होतं.

२

मुलं कप विसळायची ते हेच सिंक.

जेवणघराची उत्तरेची भिंत जमिनीपासून छतापर्यंत हुकांनी भरलेली होती. ऑर्डवेची ती जुनी रीत होती. शेवटच्या वर्षाचं एकेक मूल नव्याने येणाऱ्या एकेकासाठी मातीचा कप करायचं आणि ओली माती असतानाच तळाला त्याचं नाव कोरायचं. भाजलेले कप हुकांना टांगून ठेवायचे. सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी नवी मुलं रांगेने आत यायची, आपापलं नाव शोधायची आणि कप आपल्या हाताने खाली उतरवायची. भाषण नाही, सही नाही. कप उतरवला की मूल कॉलेजचं झालं. चार वर्षं त्यातच कॉफी प्यायची, आपला आपण धुवायचा, पदवी मिळाली की घरी न्यायचा. जो मधेच सोडून जाईल त्याचा कप भिंतीवर राहायचा. त्याला कोणी हात लावायचा नाही.

कर्मचाऱ्यांना हुक नव्हते. ते कागदी कपांतून प्यायचे.

हुक बसवायचं काम मात्र ऑरिनचं. दर उन्हाळ्यात तो शिडी लावून जितकी नवी मुलं येणार तितके हुक ठोकायचा. पहिल्या वर्षी एकशेसाठ ठोकले. दुसऱ्या वर्षी एकशेअठरा. मग चौऱ्याहत्तर. शेवटच्या उन्हाळ्यात मर्लने त्याच्या हातात एकच लहान पुडी दिली. एकोणचाळीस. दुपारच्या जेवणाआधीच काम संपलं होतं. ऑरिन फार शिकलेला नव्हता, पण एकशेसाठ आणि एकोणचाळीस यांतला फरक कळायला शाळा लागत नाही. त्याने थॅडला विचारलंही होतं. थॅड म्हणाला होता, "एखादं वर्ष कमी येतात रे. पुढच्या वर्षी भरून निघतं."

थॅड त्याचा थोरला भाऊ. त्याचा कप खिडकीजवळ, खांद्याच्या उंचीवर होता. निळसर, कडेला एक टवका उडालेला.

ऑरिनने टॉर्च वळवला. दोनशेच्या वर कप लटकत होते, सगळ्यांवर धुळीची साय. थॅडच्या कपावर धूळ नव्हती. त्याच्या बुडाशी एक थेंब जमत होता. ऑरिन पाहत असतानाच तो थेंब जड झाला आणि खाली पडला.

थॅडला पुरून अकरा आठवडे झाले होते.

३

"पाणी?" मंगळवारी मर्ल म्हणाला. तो आठवड्यातून दोनदा यायचा आणि पिकअपमध्ये हीटर लावून बसायचा. "तो नळ मी तोडलाय. तिथून पाणी आलं तर माझं पेन्शन बंद करा म्हणावं."

"येतंय म्हणत नाही मी. होतं म्हणतोय."

"छतातून वितळून आलं असेल."

"उणे पंधरात?"

"मग रॅकून. खायचं पाण्यात विसळून खातो तो प्राणी."

"रॅकून कप धुतो होय?"

"ऑर्डवेचा रॅकून आहे बाबा. तत्त्वज्ञान घेऊन शिकलेला." मर्ल हसला. ऑरिन हसला नाही, तेव्हा त्याने डोनटचा खोका पुढे केला. "खा. हाडं निघालीत तुझी. आई कशी आहे?"

"कप मागतेय."

आई वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची. रविवारी तिने एवढंच म्हटलं होतं, "ऑरी, शुक्रवारी ते लोक सगळं कचऱ्यात टाकतील ना. तेवढा त्याचा कप आणून दे मला. तो रोज ओठाला लावायचा तो." तिने अकरा आठवड्यांत मागितलेली ती पहिली गोष्ट. शुक्रवारी नवे मालक ताबा घेणार होते. त्यांना तिथे श्रीमंतांच्या लग्नांसाठी जागा करायची होती. त्यांच्या माणसाने भिंत पाहून विचारलं होतं, "ही भांडी कोण उचलणार?"

मर्लचं हसू गेलं. "तू उतरवणार?"

"मग कोण?"

"त्याची कोणी मैत्रीण, वर्गातलं पोर, कोणीही बोलाव. आपण हुक लावणारी माणसं, ऑरिन. चाळीस वर्षांत मी एक कप उतरवलेला नाही. भिंत रंगवायची असली तरी पोरांना हाका मारायचो, या रे, आपापले घ्या. इथे जो उतरवतो तो आत जातो."

"कुठे आत? कॉलेज कुठेय आता?"

त्याच वेळी वर, हॉलच्या दुसऱ्या मजल्यावर, लाकडी फरशीवरून काहीतरी घासत गेलं. छोटा आवाज होता. कोणी खुर्ची मागे ओढून बसावं तसा.

दोघांनी गाडीच्या काचेतून वर पाहिलं.

"लाकूड आकसतं थंडीने," मर्ल म्हणाला आणि गिअर टाकला.

ऑरिन उतरून वर जाऊन आला. दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या वर्गात लांबट गोल टेबल होतं. मे महिन्यात त्यानेच तिथल्या चौदा खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवल्या होत्या. आता तेरा वर होत्या. एक खाली, टेबलाशी सरळ लावलेली, खिडकीकडे तोंड करून.

त्याने ती उचलून पुन्हा वर ठेवली. बसायची फळी उबदार लागली, पण त्या खिडकीतून ऊन येत होतं. ऊन येत होतं, असं तो जिना उतरताना दोनदा मनाशी म्हणाला.

४

त्या दोघांत एक करार होता. ऑर्डवेमध्ये कर्मचाऱ्याच्या घरातलं एक माणूस फी न देता शिकायचं. बाप नव्हता, आईच्या पगारात दोघांची पोटं भरत होती. थॅडची बुद्धी पहिल्यापासून चांगली. म्हणून ऑरिनने सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि कॉलेजच्या आवारात फावडं हातात घेतलं, म्हणजे थॅड शिकेल. थॅड पदवी घेऊन नोकरीला लागला की तो घर चालवणार आणि मग ऑरिनने राहिलेली शाळा पुरी करून त्याच भिंतीवरचा कप उतरवायचा. "आधी मी, मग तू," थॅड म्हणायचा. तो थट्टा करायचा, पण शब्द देताना थट्टा करत नसे. निदान ऑरिनला तसं वाटायचं.

घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर थॅड पुस्तक घेऊन बसलेला असायचा. ऑरिन कामावरून आला की तो मान वर करायचा नाही, काही बोलायचा नाही. टेबलाखालून पाय लांब करून समोरची खुर्ची ढकलायचा. खर्र. म्हणजे बस.

आईच्या ऑपरेशनमुळे थॅडचं एक सत्र मागे राहिलं होतं. तेवढंच राहिलं होतं. आणि एप्रिलमध्ये कॉलेजने सांगितलं, मेअखेर आम्ही बंद होतोय. सप्टेंबरात अध्यक्षबाईंनी जेवणघरात उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं की ऑर्डवे दीडशे वर्षं उभं आहे आणि उभंच राहील. एप्रिलमध्ये त्या आल्याच नाहीत, पत्र आलं. उरलेल्या मुलांना डोंगरापलीकडच्या, सत्तर मैलांवरच्या कॉलेजात पाठवलं. तिथे राहायचं झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून थॅड रोज जायचा-यायचा. नोव्हेंबरात घाटात रस्त्यावर काचेसारखा बर्फ होता. समोरून लाकडाचा ट्रक आला. गाडीची हिवाळी चाकं ऑरिनने स्वतः बसवली होती, चारही, बोल्ट दोनदा आवळून.

सत्र संपायला तीन आठवडे होते.

५

बुधवारी विश्वस्तांची खोली रिकामी करायची होती. मर्ल खोके दारापर्यंत आणायचा, ऑरिन ते बाहेरच्या कचऱ्याच्या मोठ्या डब्यात फेकायचा. एक खोका हातात फाटला आणि कागद बर्फावर पसरले. गोळा करताना एका कागदावर त्याला आपलं आडनाव दिसलं.

ऑरिनला वाचायला वेळ लागायचा. तो ओळीखाली बोट धरून वाचायचा, ओठ हलवत. त्याने हातमोजा काढला आणि बोट धरलं.

मी, थॅडियस गॉयेट, विद्यार्थी प्रतिनिधी, कॉलेज बंद करण्याचा आजच्या सभेतला ठराव जाहीर होईपर्यंत कोणालाही सांगणार नाही. घरच्यांनाही नाही.

खाली थॅडची डावीकडे झुकलेली सही. त्याखाली तारीख. १४ ऑक्टोबर. पत्र येण्याच्या सहा महिने आधीची.

"चल रे, गोठतोय मी," मर्ल दारातून म्हणाला. मग जवळ आला, कागद घेतला आणि चष्मा वर करून वाचला.

"तुला ठाऊक होतं?" ऑरिनने विचारलं.

"मला ठाऊक असतं तर त्या मार्चमध्ये या हॉलचं छप्पर दुरुस्त करायला चढून मी गुडघा फोडून घेतला असता का?" मर्लने कागदाची घडी घातली. "पोरगा होता रे तो. सगळे कोटवाले म्हातारे समोर बसलेले. सही कर म्हणाले असतील."

पण ऑरिन महिने मोजत होता. त्या नोव्हेंबरात गावच्या रस्तेखात्याने त्याला बर्फ काढायच्या गाडीवर घेतो म्हणून सांगितलं होतं. कायमची नोकरी. तो थॅडला विचारायला गेला होता. थॅड म्हणाला होता, "सोडू नको ऑर्डवे. तू सोडलंस तर माझं शिकणं थांबेल. आणि पुढल्या वर्षी तुझीच पाळी आहे की." ती जागा दुसऱ्या कोणी घेतली.

आणि नाताळ. नाताळच्या सुट्टीत कॉलेज रिकामं असताना थॅड स्वतःहून त्याला जेवणघरात घेऊन आला होता. आपल्या कपाच्या बरोबर खाली, खिडकीच्या चौकटीखाली, बोट ठेवून म्हणाला होता, "इथे एक हुक ठोक. तुझा. तुझा कप मी करणार, नाव मी कोरणार." ऑरिनने ठोकला होता. थॅडने तो हलवून पाहिला, पक्का आहे का. दोघं हसले होते.

ऑक्टोबर, मग नोव्हेंबर, मग डिसेंबर. हलवून पाहिला होता त्याने.

बर्फ ओढायचं फावडं दाराशी उभं होतं. ऑरिनने ते उचललं. मर्ल "ऑरिन" म्हणाला, पण तोवर तो जेवणघरात पोहोचला होता. त्याने हात लावला नाही, उतरवला नाही. फावड्याचं पातं आडवं फिरवून त्याने थॅडच्या कपाला हाणलं. कप फुटला, हुक वाकला, शेजारचे कप एकमेकांवर किणकिणत राहिले. ते थांबायला बराच वेळ लागला.

वरच्या मजल्यावर कोणीतरी बोलत होतं आणि आता गप्प झालं, असं त्याला वाटलं. बोलणं त्याने ऐकलं नव्हतं. थांबणं ऐकलं होतं.

बुडाचा तुकडा त्याच्या बुटापाशी येऊन पडला होता. त्यावर थॅडचं नाव अख्खं होतं. त्याने तो उचलून जॅकेटच्या खिशात टाकला आणि मर्लकडे न बघता घरी निघून गेला.

६

आई कामावर निघायच्या तयारीत होती, चुलीवर बीन्स ठेवलेल्या. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं.

"नाही आणलास?"

"उद्या."

"परवा ते लोक येणार."

"उद्या म्हटलं ना, आई."

ती कोटाची बटणं लावत राहिली. "मला ठाऊक आहे, तुला जड जातं तिथे. तू गेलासच नाहीस कुठे, तिथेच राहिलास त्याच्यासाठी. तो म्हणायचा नेहमी, ऑरीचं माझ्यावर देणं आहे, ते मी फेडल्याशिवाय राहणार नाही."

ऑरिनने खिशात हात घातला. तुकड्याची कड बोटाला लागली. त्याला सांगायचं होतं: तुझ्या लेकाला सगळं ठाऊक होतं. त्याने माझ्या तोंडावर हसून हुक ठोकून घेतला. आणि त्याचा कप मी फोडला. तो तुकडा मुठीत दाबत राहिला. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

तो बीन्स न खाता झोपला.

७

गुरुवारी सकाळी त्याने दार उघडलं, बर्फ झटकला आणि मुद्दाम काही म्हटलं नाही. ओठ मिटून आत शिरला.

वर खुर्ची घासली. खर्र. जणू त्याने म्हटलंच होतं.

जेवणघराची फरशी झाडलेली होती. एक तुकडा नाही. मर्लने झाडली असेल. वाकलेला हुक रिकामा होता. आणि त्याच्या बरोबर खाली, खिडकीच्या चौकटीखालच्या हुकाला, ज्याला कधीच काही लटकलं नव्हतं, एक निळसर कप लटकत होता. ओला.

ऑरिन उभा राहिला. त्याचं डोकं आपोआप कारणं जुळवू लागलं. मर्लला वाईट वाटलं असेल. मर्लने भिंतीवरचा तसाच दिसणारा दुसरा कप शोधला असेल. वरचा हुक वाकला म्हणून खालच्याला लावला असेल. पण मर्ल कपांना हात लावत नाही. आणि पाणी कुठून आणलं असेल? थर्मासमधून. हो, थर्मासमधून.

खिशात थॅडच्या नावाचा तुकडा होता. म्हणजे समोरचा कप थॅडचा नव्हता. हे त्याला स्वच्छ कळत होतं. पण तो तसाच दिसत होता, तसाच निळा, आणि घरी आई वाट बघत होती. कप हातात दिला की ती छातीशी धरेल, रडेल, कपाटात ठेवेल. बुडाशी काय लिहिलंय ते बघायचं नाही, एवढंच. वाचायचं टाळायची सवय त्याला होतीच. भिंतीवर घड्याळाची जागा रिकामी होती, पण बाहेर ऊन होतं, सकाळ होती. भिण्यासारखं काही नव्हतं.

त्याने हात लांब केला आणि कप खाली उतरवला.

कप गरम होता. कोणी आत्ता कॉफी संपवून विसळला असावा इतका.

वर एकदम बऱ्याच खुर्च्या घासल्या गेल्या. गर्दी आपापल्या जागी बसते तसा तो आवाज, मग खोकला, मग कागदांची सळसळ, आणि शांतता. कोणाची तरी वाट बघणारी शांतता.

मागचं दार दहा पावलांवर होतं. तो दाराकडेच जायला निघाला होता. पुढे कितीतरी वेळा त्याने हे स्वतःला पटवायचा प्रयत्न केला. पण थॅडला एकदा विचारायचं होतं, फक्त एकच गोष्ट, हुक हलवून पाहिलास तेव्हा तुझ्या मनात काय होतं. त्याचे पाय जिना चढत होते.

कोपऱ्यातल्या वर्गाचं दार वीतभर उघडं होतं. फटीतून टेबलाचा तुकडा दिसत होता. टेबलावर खुर्च्या नव्हत्या. बर्फावरून येणारा पांढरा उजेड खोलीत इतका होता की माणसांच्या जागी नुसत्या कडा दिसत होत्या, खांद्याच्या, कोपराच्या. दाराशी सगळ्यात जवळ एक पाठ होती. मानेवर केस वाढलेले. आईने नोव्हेंबरात दोनदा म्हटलं होतं, काप रे ते. हिरवं जॅकेट. डावी बाही खांद्यापासून फाटलेली आणि तिच्यात हात ज्या बाजूला वळायला नको त्या बाजूला वळलेला.

"थॅड," ऑरिन म्हणाला.

मान वळली नाही. टेबलाखाली एक पाय लांब झाला आणि शेजारची रिकामी खुर्ची ढकलली.

खर्र.

ऑरिन जिन्यावरून कसा खाली आला ते त्याला आठवत नव्हतं. आपल्या पिकअपमध्ये बसल्यावर त्याने पाहिलं, कॅन वरच राहिला होता, हातमोजे राहिले होते, दार उघडं टाकलं होतं. कप तेवढा छातीशी होता.

८

आई नुकतीच पाळीवरून आली होती, पायांत अजून वृद्धाश्रमातले पांढरे बूट. त्याने टोपीत गुंडाळलेला कप टेबलावर ठेवला. तिने टोपी उलगडली आणि दोन्ही तळव्यांत कप धरला.

"गरम आहे रे."

"हीटरपाशी ठेवला होता. गाडीत."

तिने तो गालाला लावला. डोळे मिटले. ऑरिन दाराशीच उभा होता, खिशातल्या तुकड्याची कड अंगठ्याने दाबत. झालं, तो मनाशी म्हणत होता, आता कपाटात ठेव. ठेव ना.

"यावरचा टवका कुठे गेला?" आई म्हणाली. तिने कप गोल फिरवला. मग उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. तिने चष्मा लावला.

"ऑरी."

"हं."

"हा थॅडचा नाही." तिचा आवाज घाबरलेला नव्हता, तेच वाईट होतं. तो हळूहळू मऊ होत गेला. "यावर तुझं नाव आहे. अक्षर त्याचंच आहे बघ, डावीकडे झुकलेलं. करून ठेवला होता त्याने तुझ्यासाठी. आणि तू मला एका शब्दाने बोलला नाहीस." तिने डोळे पुसले आणि हसली. किती महिन्यांनी हसली होती. "म्हणत होते ना मी? फेडल्याशिवाय राहणार नाही म्हणाला होता तो."

"आई, तो ठेव खाली."

"थांब, यात पहिली कॉफी मीच देते तुला."

ती उठून चुलीकडे गेली, त्याच्याकडे पाठ करून. किटली उचलली. कपात कॉफी पडल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरात ते दोघंच होते, दार लावलेलं होतं, टेबलाभोवतीच्या चारही खुर्च्या नीट आत सरकवलेल्या होत्या.

टेबलाखालून एक खुर्ची बाहेर आली. खर्र.

"बसतोस ना?" आई मागे न बघता म्हणाली.

ऑरिन बसला.